राउटरवाल्यांचे निवेदन

मुखेडच्या बसस्थानकासमोर राउटर दुरुस्तीचे एक दुकान होते. मालकांना सगळे मामू म्हणत, मीही. शहरात निकामी म्हणून टाकलेले राउटर ते नांदेड-लातूरहून आणत, त्यांतले सॉफ्टवेअर बदलत आणि केबल न पोचलेल्या गावांत पाण्याच्या टाकीवर बसवत. काही गावांचे इंटरनेट त्यांच्याच भरवशावर होते.

मग केंद्राच्या नियमाचा मसुदा आला. मंजूर राउटरच विकायचे. सॉफ्टवेअर बदललेला विकता, बसवता किंवा दुरुस्त करता येणार नाही. कारण सुरक्षेचे होते आणि त्यात तथ्य होते. मोठ्या उत्पादकांच्या संघटनेने हाच नियम मागितला होता, हेही खरे. हरकतींसाठी मुदत होती.

मुखेड-देगलूरच्या दुकानदारांनी आपल्याकडे करतात तेच केले. तहसील कार्यालयात जाऊन तहसीलदार साहेबांना निवेदन दिले. कागद एक, त्याला हात सगळ्यांचे. आमच्या पेपरासाठी फोटो मी काढला.

"मामू, हसू नका, निवेदन हाय," एक दुकानदार म्हणाला.

"साहेब हसून राहिले ना! मी काय मयतीला आलो का?"

बातमी छापून आल्यावर मामूंचा फोन आला. "लई भारी आलं, भाऊ."

हरकत मुदतीत दिल्लीच्या दूरसंचार खात्याकडे वेगळी पाठवावी लागते, असे मी सांगितले.

"तहसीलदार सरकारचेच हायेत ना? वर पाठवतेतच की."

निवेदन पुढे गेले नाही. नंतर खात्याने आपल्याकडे आलेल्या हरकती जाहीर केल्या. त्यांत संघटनेचे म्हणणे पानोपानी होते. दुकानदारांची एक ओळही नव्हती. ती असती तर नियम बदलला असता, असे म्हणायला आधार नाही. पण मुखेडमधून कुणी नको म्हटल्याची नोंद झाली नाही. नियम लागू झाला.

परवा बाजाराच्या दिवशी दुकानात गेलो. मामू मोबाइलची कव्हरे विकत होते. एका खेड्यातले गृहस्थ टाकीवरचा बंद पडलेला राउटर टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. मामूंनी तो हातात घेतला, उलटा-पालटा केला आणि परत दिला.

"मला उघडता येत न्हाई आता. नवा घ्या."

"नव्याची रेंज पार वस्तीपर्यंत पोचत न्हाई, मामू."

"ठाऊक हाय."

गृहस्थांनी भिंतीकडे पाहिले. तिथे निवेदनाच्या बातमीचे कात्रण फ्रेम करून लावले होते. त्यात मामू हसत होते.

"तुमचं तर पेपरात आलतं."

"हाव," मामू म्हणाले, "आलतं." आणि टॉवेलाची गाठ त्यांनी स्वतः बांधून दिली.