सभासद क्रमांक तीनची बदली

मागच्या रविवारी फोनवर धाकट्याने विचारलं, "आजोबा, तुम्ही अजून कॅप्टन आहात का?" तेव्हा आजोबांनी फोन माझ्या हातात दिला आणि मी हवापाण्याचं बोलून वेळ मारून नेली. तुम्हा दोघांना वाटलं असेल, आजोबा रागावले. रागावले नव्हते. पण ही गोष्ट क्रमाने सांगावी लागते, फोनवर ती नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहिते आहे. इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं, माझं सगळं शिक्षण त्याच भाषेत झालं. पण ज्या खोलीत हे घडलं तिथे कोणी इंग्रजीत भांडत नाही. वाचायला जड गेलं तर आईला शेजारी बसवा.

आमच्या बदलापूरच्या ज्येष्ठ नागरिक संघाची हेंद्रेपाड्यातली खोली तुम्ही पाहिली आहे. दोन कॅरम बोर्ड, वर्तमानपत्रांचं एक टेबल, आणि भिंतीवर काचेचा सूचना फलक. त्याची किल्ली माझ्याकडे असते, कारण मी संघाची सचिव. दर हिवाळ्यात बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर मिळून आठ संघांची कॅरम स्पर्धा होते. प्रत्येक संघाचे तीन खेळाडू, तीन डाव. दोन डाव जिंकले की सामना आपला.

पूर्वी आमच्याकडे कोणी खेळायचं यावरून इतकी भांडणं झाली की दोन सभासद रस्त्यात भेटले तरी नमस्कार करेनात. म्हणून मीच एक नियम लिहिला: सभासद क्रमांक एक, दोन आणि तीन यांनी खेळावं, कोणी आजारी असलं तर चार. भांडण त्या दिवशी संपलं आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. पुढे कितीतरी वर्षांनी लक्षात आलं की क्रमांक लहान म्हणजे वय मोठं. ज्येष्ठांच्या संघात आम्ही त्यातल्या त्यात ज्येष्ठांनाच खेळवत होतो. आजोबा क्रमांक तीन. कॅप्टन ते अशासाठी की क्रमांक एकला टॉसच्या वेळी काय विचारलं ते ऐकू येत नाही.

दोन वर्षं आम्ही शेवटून पहिले आलो. यंदा आयोजकांचं पत्र आलं की बाहेर आणखी संघ वाट पाहत आहेत, तेव्हा जो संघ शेवटी येईल त्याला पुढच्या वर्षी बोलावणं नाही. पत्र मी मोठ्याने वाचलं. क्रमांक दोनने तिथेच माघार घेतली. म्हणाले, "मला राण्या दोन दिसतात, आणि मी बरोबर त्यांच्या मधोमध मारतो."

नियम रद्द झाला आणि खेळाडू शोधायचं काम माझ्याकडे आलं. सोनिवलीला नवे टॉवर झालेत, त्यांत मुलांबरोबर राहायला आलेली बरीच मंडळी आहेत. दिवसभर गॅलरीतून खाली पाहत बसतात. मी तिथल्या वॉचमनला विचारून चार घरं हिंडले. एका घरात उल्हासनगरच्या कॅम्पमधून आलेल्या एक सिंधी बाई भेटल्या. कापडाच्या दुकानात चाळीस वर्षं गेलेली. सुट्टीच्या दिवशी दुकानासमोर बोर्ड मांडून नवऱ्याला आणि दिरांना हरवायच्या. अंगठ्याने मारतात. वय एकसष्ट, म्हणजे आमच्या हिशेबी उगवता खेळाडू. म्हणाल्या, "दीदी, ते रूल-बूल मेरे को नाही समजत. मी फक्त निशाना लावते." मी तिथल्या तिथे सभासदत्वाचा अर्ज भरून घेतला.

आता तिसरी जागा. आजोबांचा उजवा हात गेल्या वर्षापासून थोडा कापतो. चहाचा कप ते डाव्या हाताने धरतात, हे तुम्ही फोनवर पाहिलं असेल. बोर्डावर सोंगटी कुठून कुठे जायला हवी हे त्यांना सगळ्यांपेक्षा चांगलं कळतं. नेम बरोबर घेतात, आणि शेवटच्या क्षणी बोट सरकतं. मागच्या वर्षी ते सातही डाव हरले. मी मागे बसून गुण लिहीत होते. क्रमांक एक वयाने मोठे असले तरी अधूनमधून जिंकत होते. म्हणजे जागा कोणाची रिकामी व्हायला हवी हे वहीत स्पष्ट दिसत होतं.

त्याच आठवड्यात अंबरनाथच्या सेक्रेटरीबाईंचा फोन आला. प्रत्येक संघाने एक पंच द्यावा लागतो. त्यांचे पंच मुलीकडे पुण्याला राहायला गेले, आणि पंच नाही तर प्रवेश नाही. खेळाडू मात्र त्यांच्याकडे इतके की कारखान्यातून निवृत्त झालेले एक डावखुरे गृहस्थ दोन वर्षं नुसते बाकावर बसून होते. आजोबांनी नोकरीत असताना पंचाची परीक्षा दिली होती, हे त्यांना माहीत होतं. "तुमचे हे आम्हाला द्या, आमचे डावखुरे तुम्ही घ्या," असं म्हणून त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

इथे माझी चूक झाली. संघाचं काम घरात आणायचं नाही हा माझा जुना नियम. तो मी पाळला. घरी अवाक्षर न काढता संघाच्या सभेची सूचना लिहिली: विषय क्रमांक चार, सभासद क्रमांक तीन यांची पंच म्हणून अंबरनाथ संघाकडे बदली, व त्या जागी एक खेळाडू घेणे. मंगळवारी सकाळी ती काचेमागे लावली. आजोबा रोज संध्याकाळी फलक वाचतात, हे मला माहीत होतं. तरीही लावली.

त्या रात्री जेवताना ते नेहमीसारखे बसले. मेथीची भाजी होती. ताक पिऊन झाल्यावर म्हणाले, "विषय चारमधला सभासद क्रमांक तीन म्हणजे मीच ना?"

"हो," मी म्हटलं.

"अर्धी भाकरी वाढ अजून."

पुढचे तीन दिवस ते खोलीकडे फिरकले नाहीत. घरातला बोर्ड दाराआड उभा होता, तो पुसून ठेवला, एवढंच. सभेला मात्र आले आणि मागच्या रांगेत बसले. विषय चार वाचल्यावर क्रमांक एक मोठ्याने म्हणाले, "अहो, बायकोने विकलं की हो तुम्हाला!" सगळे हसले. आजोबा म्हणाले, "विकलं असतं तर किंमत तरी कळली असती. ही साधी बदली आहे." आणि बाजूने पहिला हात त्यांनीच वर केला. उजवा.

घरी येताना वाटेत त्यांनी विचारलं, "आधी मला घरी सांगितलं असतंस, तर मी नाही म्हटलं असतं का?"

मी थोडा विचार करून खरं ते सांगितलं. "म्हटलं असतं."

"हो, म्हटलं असतं," ते म्हणाले. "पण विचारायला हवं होतंस."

 

मग ते दर शनिवारी सरावाच्या डावांना पंच म्हणून अंबरनाथला जाऊ लागले, आणि इतर दिवशी संध्याकाळी परत आमच्या खोलीत दिसू लागले. खेळायला बसत नसत. हात मागे बांधून सिंधी बाईंच्या खुर्चीजवळ उभे राहत. बाईंचा नेम पक्का, पण स्ट्रायकर कसाही ठेवायच्या. वरच्या रेघेला टेकलेला, खालच्या रेघेपासून सुटलेला. "दोन्ही रेघा, बाई," आजोबा म्हणत. तुम्हालाही सुट्टीत हेच ऐकावं लागायचं, आठवतं ना? बाई म्हणायच्या, "हां हां भाऊसाहेब, दोन्ही." पुढच्या वेळी परत तेच.

स्पर्धेत आम्ही दोन सामने जिंकलो, चार हरलो. शेवटचा सामना उल्हासनगरच्या एका संघाशी होता, आणि हरणारा तळाला जाणार हे दोन्ही संघांना ठाऊक होतं. पंचांच्या चिठ्ठ्या काढल्या तेव्हा आमच्या बोर्डावर आजोबा आले. समोरच्या कॅप्टनने लगेच हरकत घेतली, की हे त्यांच्या सचिवबाईंचे यजमान आहेत. हरकत रास्तच होती. आजोबा म्हणाले, मी अंबरनाथचा पंच आहे, तरी तुम्हाला नको असेल तर उठतो. कॅप्टनने दुसरा पंच मोकळा आहे का ते पाहिलं. नव्हता. कुरकुरत बसला.

डावखुऱ्यांनी पहिला डाव सहज घेतला. क्रमांक एक दुसरा हरले. तिसरा सिंधी बाईंचा, आणि तो शेवटच्या बोर्डापर्यंत बरोबरीत आला. बाईंनी राणी घेतली. लगेच स्ट्रायकर ठेवून अंगठा मारला आणि राणीमागे लागणारी कव्हरची सोंगटीही गेली. आमच्या बाकावर टाळ्या सुरू झाल्या.

"फाऊल," आजोबा म्हणाले.

टाळ्या थांबल्या. त्यांनी बोटाने खालची रेघ दाखवली, राणी आणि कव्हरची सोंगटी परत मधोमध ठेवली आणि बाईंची एक सोंगटी दंड म्हणून बाहेर काढली.

"भाऊसाहेब, मला पण?"

"तुम्हालाच आधी."

मी पेन खाली ठेवलं. मला राग आला होता, आणि तो कोणावर आहे हे तेव्हा ठरवता येत नव्हतं. समोरच्या कॅप्टनने मात्र खुर्ची जरा मागे घेतली आणि हाताची घडी सोडली. त्यांच्या खेळाडूने दोन सोंगट्या घेतल्या आणि राणीवर चुकला. परत बाईंची पाळी आली. या वेळी त्यांनी स्ट्रायकर एका बोटाने हळू ढकलत दोन्ही रेघांना टेकवला आणि वर आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी मान हलवली नाही. ते फक्त बोर्डाकडे पाहत होते. राणी गेली, कव्हर गेलं, उरलेल्या सोंगट्याही गेल्या.

आम्ही सहावे आलो. फार मोठं काही नाही, पण पुढच्या वर्षीचं बोलावणं टिकलं. घरी आल्यावर मला आठवलं, की त्या पूर्ण डावात आजोबांचा हात कापतो आहे का हे बघायचं मी विसरले होते.

मागच्या आठवड्यात अंबरनाथचं पत्र आलं: पुढच्या वर्षीही पंच म्हणून हेच हवेत. सूचना लिहायला मीच बसले. पण या वेळी फलकाची किल्ली घेण्याआधी, सकाळच्या चहाला, ती आजोबांना वाचून दाखवली. "सभासद क्रमांक तीन" च्या जागी मी "माझे यजमान" लिहिलं होतं. त्यांनी चष्मा लावला, माझ्या हातातलं पेन घेतलं, तेवढे शब्द खोडले आणि वर जरा वाकड्या अक्षरात परत "सभासद क्रमांक तीन" लिहिलं.

"फलकावर घरचं नको," म्हणाले.

तेव्हा रविवारी फोन कराल तर कॅप्टन आहात का असं विचारू नका. कोणाला फाऊल दिला ते विचारा. फोन माझ्याकडे यायला बराच वेळ लागेल.