गायीचा घास

ही हकीकत सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. पण ती घटना आजही आठवते आणि आधी हसूच येतं.

मी तेव्हा बालाघाटला ठाणेदार होतो. राजेगावच्या बचत गटातल्या बायका प्राण्यांची माहिती घ्यायला शहराबाहेरच्या प्राणिसंग्रहालयात आल्या होत्या. जेवणं उरकली आणि त्यांच्यातल्या एका आजींनी हंबरडा फोडला. सोन्याची पोत गायब!

"वांदर ओढतीन म्हणून काढून शिदोरीत ठेवलती," मी पोहोचल्यावर त्यांनी जबानी दिली.

फाटकावरच्या चौकीदाराने हळूच खबर दिली, गव्यांचा रखवालदार आजींच्या शिदोरीच्या पिशवीपाशी वाकला होता. मला तेवढं पुरलं. सगळ्या बायकांसमोर मी त्याला जीपमध्ये बसवलं.

ठाण्यात झडती घेतली, डबासुद्धा उपडा केला. काही मिळालं नाही, तसा माझा आवाज चढला.

"वांदर येऊन राह्यले होते, म्हणून पिशवी वर ठेवली साहेब. चोर ठरलो त नोकरी जाईन माही."

मी विश्वास ठेवला नाही.

व्हरांड्यात बायकांच्या जबान्या चालू होत्या. एकीने थट्टा केली, "आजी, पोत वाघानं नेली असन!"

"काहून? त्याले लग्नाले जायचं हाय?"

चहा आला. आजींनी बिस्किटाचा तुकडा मोडून बाजूला ठेवला.

"हे कोणाचं?" मी विचारलं.

"गायीचं. तिचा घास काढल्याबिगर मी खात नाही."

"मग दुपारी कोणाला दिला?"

शेजारची बाई फिसकन हसली, "सांग नं व आजी!"

"ते मोठं काळं जनावर... रानातलं का होईना, गायच नं? खायला देऊ नका अशी पाटी होती, म्हणून लपून देली. वरची पोळी."

पोत त्याच पोळीच्या घडीत ठेवल्याचं आजींना तेव्हा आठवलं.

उजेड होता तोवर आम्ही परत गेलो. रखवालदारानेच गव्याच्या मादीला चुचकारून बाजूला केलं, गव्हाण चाचपली आणि लाळेने माखलेली पोत वर धरली.

"पोळी खाल्ली अन् पोत ठेवली! गुणाची हाय माय!" आजी म्हणाल्या. सगळे हसले. मी सर्वांत मोठ्याने. रखवालदार तेवढा माझ्याकडे बघत उभा होता.

"जा, सुटलास," मी म्हणालो.

खबर माणूस दाखवते, गुन्हा दाखवत नाही. हे मी शिकलो, पण किंमत त्याने मोजली. नोकरी टिकली, तरी जवळच्या भरवेली गावातल्या त्याच्या वस्तीत त्याला 'पोतवाला' हे नाव चिकटलं, ते मला नंतर कळलं.

निवृत्तीनंतर नातीला घेऊन त्या प्राणिसंग्रहालयात गेलो. त्याने ओळखलं. "या साहेब, पोरीले गवा दाखवतो," म्हणत तिला कट्ट्यावर उभं केलं. काय बोलायचं ते मी घरूनच ठरवून गेलो होतो.

"चारा खाते ना नीट?" गव्याच्या मादीकडे बघत मी विचारलं.

"हौ साहेब."

मला माफ कर, एवढंच म्हणायचं होतं.