एक्केचाळीसची तोतया

सेलवाल्या काकू म्हणजे नाकासमोर चालणारं माणूस. अकरा वर्षं पाण्याच्या मोठ्या पाइपलाइनवर पायपीट करून त्या एकच काम करत आल्या. ठरावीक अंतरावर पाइपला एक डबी बसवलेली. तिच्यातला जुना सेल काढायचा, नवा घालायचा. डबी पाण्याचा दाब मोजते आणि बिनतारी ऑफिसला कळवते. सेल निघाला की दोन मिनिटं ती मुकी होते आणि पडद्यावर तेवढी जागा कोरी दिसते. त्या कोऱ्या जागेवरूनच काकूंची हजेरी लागायची.

आणि ही एक्केचाळीस नंबरची बया तीन खेपा मुकी झालीच नाही!

"म्हणजे तुम्ही तिकडे फिरकलाच नाहीत," साहेब म्हणाले. "शुक्रवारपर्यंत खुलासा द्या, नाहीतर घरी बसा."

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. कामचुकार म्हणे, आणि काकू! नवरा पाय मोडून अंथरुणावर, घर चालायचं ते यांच्याच पगारावर. त्याला सांगणार तरी काय?

शुक्रवारी सकाळी त्यांनी साहेबांना जवळजवळ ओढतच एक्केचाळीसपाशी नेलं. "हातच्या काकणाला आरसा कशाला?" म्हणत सेल काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. "आता बघा तुमच्या मोबाइलवर."

मोबाइलवर एक्केचाळीस बोलतच होती. दाब ठीक, दाब ठीक.

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. डब्यांना जवळपासच्या डब्यांचं बोलणं ऐकू येतं, म्हणून त्यांनी मोबाइलवरूनच बाकीच्यांना विचारलं, एक्केचाळीसचा आवाज कुणाला येतोय. चाळीस नि बेचाळीस म्हणाल्या, शेजारीण गप्प आहे. पार तिकडची साठ म्हणाली, अहो, ती तर माझ्या उशाशी बडबडतेय! कुणीतरी डबीची हुबेहूब नक्कल केली होती, नंबर तोच, ओळख पटवणारी गुप्त किल्लीही तीच, आणि खरीचे आकडे तिच्या 'दाब ठीक'खाली झाकून इथलं पाणी खुशाल पळवत होतं. साहेबांनी तो नंबर तिथल्या तिथे बाद केला. सगळ्या डब्यांना हुकूमही सोडला: एक नंबर दोन ठिकाणांहून ऐकू आला की लगेच बोंब मारायची.

"काकू, चुकलो मी. नोटीस रद्द. तसं लिहून देतो."

काकू मटकन पाइपवर बसल्या. सुटले बाई एकदाची! हसू आवरत नव्हतं आणि रडूही.

"पाणी देऊ का?" साहेबांनी घाबरून विचारलं.

"नको. जरा रडू द्या," काकू पदराने नाक पुसत म्हणाल्या. "मग बेचाळीसचा सेल बदलायचाय."