बिनचावीचा चक

गेल्या हिवाळ्यात, मुरबाडजवळच्या म्हसा गावची यात्रा उठल्यावरच्या सोमवारी, आम्ही ड्रिल मशीनसाठी बिनचावीचा चक घेतला. किंमत अठराशे पन्नास. त्याच मापाचा चावीचा चक सातशेला मिळत होता. कल्याणच्या दुकानात आम्ही तिघे हजर होतो: मामा, मामी आणि मी. मामांनी चक हातात घेतला, कडं फिरवून त्याचे तीन जबडे उघडले, मिटले आणि परत काउंटरवर ठेवला.

"हातानं आवळलेलं हातापुरतंच," ते म्हणाले. "जाड बिट लोखंडात अडकला का हा ढिला पडणार. चावीनं आवळलेला सोडत नाय."

"पडू दे ढिला," मामी म्हणाली. "भोक वाकडं पडंल, एवढंच ना? चावीच नाय तर विसरणार काय तुमी?"

दुकानदार हसला. त्याला वाटलं, नवराबायकोची थट्टा चालली आहे.

मामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. मुरबाडहून वैशाखऱ्याकडे जाताना रस्त्याला लागून त्यांचं वर्कशॉप होतं. एक लेथ, एक ड्रिल, एक ग्राइंडर, वर पत्रे. भातगिरणीचे शाफ्ट, पंपाचे बुश, ट्रॉलीच्या पिना अशी कामं यायची. आसपासच्या गावांत त्यांना लेथमामा म्हणत. त्यांच्यापेक्षा वयाने मोठी माणसंही म्हणत.

ज्यांनी लेथ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लेथ म्हणजे लोखंड गरगर फिरवून तासायचं मशीन, आणि चक म्हणजे मशीनची मूठ. काम, म्हणजे घडवायचा तुकडा (ड्रिलवर भोक पाडायचा बिट), त्या मुठीत धरायचं आणि टी-आकाराच्या चावीने आवळायचं. ती चावी काढायची राहिली आणि मशीन सुरू झालं, तर चावी गोफणीतल्या दगडासारखी सुटते. मामांनी उमेदवारी केली त्या कारखान्यात अशा चावीने एका माणसाचे दात गेले होते. तेव्हापासून मामांचा शिरस्ता होता: चकमध्ये चावी असेपर्यंत हात तिच्यावरच. गिऱ्हाईक दारात उभं राहून हाका मारो, फोन वाजो, मामा मान वर करत नसत. चावी काढून खुंटीला लावली की मग विचारायचे, "हां, काय म्हणत व्हता?" कुणी रुसलं तर म्हणायचे, "चावी हातात हाय तवर मी बहिरा. नंतर शिव्या दिल्या तरी ऐकीन."

त्याच माणसाच्या ड्रिलची चावी गेल्या दिवाळीआधी दोनदा चकमध्ये राहिली. दुसऱ्यांदा ती पत्र्याला भोक पाडून बाहेर भाताच्या खाचरात पडली. त्याच महिन्यात ते वैशाखऱ्याचा रस्ता चुकले आणि माझ्या मुलीला माझ्या आईच्या नावाने हाक मारू लागले. ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा विसरण्याचा आजार आहे, सावकाश वाढत जाईल, मागे फिरणार नाही.

मी स्पष्ट सांगितलं की मशीन बंद करा. मामी म्हणाली, "बंद केलं तर हा माणूस सहा महिन्यांत जाईल रे. बाकी सगळं सांडत चाललंय, हातातलं तेवढं शिल्लक हाय." म्हणून ड्रिलला बिनचावीचा चक आला. लेथचं तसं करता येईना. हवेच्या दाबावर चालणारे चक मोठ्या कारखान्यांत असतात. त्यांचा खर्च आमच्या अख्ख्या लेथहून जास्त. लेथची चावी राहिली ती राहिलीच.

त्यावर मामीने स्वतःच तोड काढली. लेथची चावी तिच्या कमरेला आणि स्टार्टरचं बटणही तिच्याच ताब्यात. मामांनी मागितली की चावी द्यायची. त्यांनी काम आवळून ती परत दिली की कमरेला खोचायची आणि मगच हिरवं बटण दाबायचं. मामा कुरकुरायचे, "शॉपात सासू आणून ठेवली मी." पण चालत होतं. मार्च, एप्रिल, मे, तीन महिने एकही चूक झाली नाही. मी शहापूरहून दर रविवारी जाऊन बघत असे, आणि मलाही वाटू लागलं की हे असंच चालेल.

जूनमध्ये एका सकाळी मामी दळण घेऊन गेली होती. मामांना लेथची चावी सापडेना. ती मामीकडे असते हे त्यांच्या ध्यानातून गेलं. त्यांनी शोधली, आणि नाही मिळाली तेव्हा नवी केली. चौकोनी सळई कापली, टोक कानशीने चकच्या मापाला उतरवलं, दांडीसाठी आडवं भोक पाडलं. भोक त्या बिनचावीच्या चकवरच पाडलं, आणि ते वाकडं नव्हतं. ती चावी मी नंतर हातात घेऊन पाहिली आहे. कंपनीची वाटावी अशी होती.

मामी परत आली तेव्हा शाफ्ट आवळून झाला होता. "चालू कर गो," मामा म्हणाले. स्टार्टरजवळून चकची फक्त मागची बाजू दिसते. मामीने कमरेला हात लावला. चावी होती. तिने बटण दाबलं.

चकमध्ये राहिलेल्या नव्या चावीने मामांच्या उजव्या डोळ्याखालचं हाड फुटलं आणि डोळा गेला. शुद्धीवर आल्यावर मामांनी पहिलं विचारलं, "चकला चावी कुणी ठेवली?"

मी मामीकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी."

"तुला किती येळा सांगितलं गो. आज तुझी हजेरी नाय."

वर्कशॉपचा तो दंड होता: चावी राहिली की त्या दिवसाची मजुरी कापायची. मामांनी एकदा स्वतःचीही कापली होती. मामी सांगते, त्या आठवड्यात भाजी कमी आली, शिक्षा घरालाच झाली. आता ते रोज सकाळी डोळ्यावरच्या पट्टीला हात लावून तोच प्रश्न विचारत. मामी रोज "मी" म्हणे, आणि रोज तिची हजेरी कापली जाई. एकदा मी तिला बाहेर नेऊन म्हटलं, खरं सांगून टाक, उद्या विसरतीलच. ती म्हणाली, "उद्या इसरतील. पण आजचा दिवस कसा काढतील?"

लेथ पुन्हा चालला नाही. भाद्रपदापर्यंत मामांना मामी कोण हेही कळेनासं झालं. एका शनिवारी त्यांनी पाकीट मागितलं. शनिवार त्यांच्याकडे पगाराचा वार. मामी पेज भरवत होती. त्यांनी आत होत्या त्या शंभराच्या दोन नोटा काढून तिच्यापुढे धरल्या.

"बाई, ही तुमची हजेरी. पुरी हाय, कापली नाय. चूक सगळ्यांकडनं व्हते."

मामीने वाटी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि दोन्ही हातांनी नोटा घेतल्या. "बरं, मिस्त्री," ती म्हणाली. त्यांचे कामगार त्यांना तसंच म्हणत.

पुढच्या बुधवारी मामा गेले. त्यांच्या हातून शेवटचे दिले गेलेले पैसे ते: रुपये दोनशे, माझ्या मामीला, मजुरीचे.