दोन बोटं माया

माझं खरं माप जिला माहीत होतं ती बाई गेली.

काल तिचा चाळिसावा झाला. आता लिहिते. चौथी शिकलेय, चुका काढायला येऊ नका.

हमीदा आपा. चिक्कडपल्लीला आमच्या मागच्या गल्लीत राहायची. लेडीज टेलर, घरातच मशीन. लग्न होऊन हैदराबादला आले तेव्हापासून माझा प्रत्येक ब्लाऊज तिनेच शिवला.

तेव्हा मी काडी होते. मग मिस्टरांना प्रायव्हेट कंपनीत नोकरी लागली. फ्रिज आला, केबल आली, बेकरीचं पॅटिस रोजचं झालं.

पगाराबरोबर मी पण वाढले.

एकशे अठरा किलो. लपवायचं काय त्यात, सगळ्यांना दिसतच होतं.

शुगर झाली, गुडघे गेले. शेवटी ऑपरेशन केलं. पोट कापून केळ्याएवढं ठेवलं.

लोक म्हणाले, "आयतं बारीक व्हायचं, मज्जा आहे!"

मज्जा? औषधाच्या झाकणाने वरणाचं पाणी पिऊन बघा, मग बोला. जेवताना पाणी प्यायचं नाही. एकच घास म्हशीसारखा रवंथ करत बसायचं. केस मुठीने गेले.

पण चाळीस किलो उतरले.

दर दोन महिन्यांनी ब्लाऊजची पिशवी घेऊन आपाकडे. ती आत घ्यायची, तोवर मी आणखी बारीक.

एक दिवस मला जोर चढला. म्हटलं, "आपा, आतली सगळी माया कापून टाक. मी आता परत जाड होत नसते."

"माया बोले तो?"

"शिवणीच्या आत जादा कापड ठेवतेस ना, ते. आमच्यात त्याला माया म्हणतात."

ती हसतच सुटली. "मैं समझी कोई औरत है. किसकू काटने बोल रई बाई!"

मग म्हणाली, "रहने दो ना. अंदरइच है, किसकू दिखता?"

"नक्को! काट म्हणते ना!"

"हौ, हौ. काटती. चिल्लाओ नक्को."

दोन-तीन वर्षं बरी गेली. डॉक्टरने फॉलोअपला बोलावलं, मी गेले नाही. मला काय झालंय?

एक गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. पोट लहान केलं तर ताटभर जेवता येत नाही. पण चहात बुडवलेलं उस्मानिया बिस्किट बरोबर मावतं. सकाळी एक. दुपारी एक. टीव्हीपुढे दोन.

नऊ किलो परत आले.

वजनकाटा पलंगाखाली ढकलला. मिस्टरांना सांगितलं, ब्लाऊज धुऊन आटले.

मग भाचीचं लग्न आलं आणि एकही ब्लाऊज अंगात जाईना.

उसवायला देऊ कशी? मायाच कापून घेतलेली. शेवटी नवीन कापड आणि गळ्याच्या नमुन्याला एक जुना ब्लाऊज घेऊन गेले. म्हटलं, "नवे शिव. जुने आटले."

आपाने मला वरून खाली बघितलं.

"इत्ते साल के बाद कपडा कायकू आटता बाई?"

पिशवीतला जुना ब्लाऊज ओढला, उलटा केला, अस्तराची शिवण उसवली. आत माया होती. दोन बोटं, नीट दुमडून टाके घातलेली.

"मैं काटीच नै."

मी रडले. तिच्या पलंगावर बसून, भोकाड पसरून. ऑपरेशनच्या वेळी पण रडले नव्हते.

"झालं आपा. परत तशीच होणार मी."

"चुप बैठो. दो उंगल है. एक खोलती. दुसरी नै खोलती, मर गई तो बी नै. अब सच बोलो, क्या खा रए?"

सांगितलं. बिस्किटांचं पण सांगितलं. डॉक्टरला नसतं सांगितलं.

"जुमेरात के जुमेरात आना. टेप लगाती."

तेव्हापासून दर गुरुवारी आपाकडे. डॉक्टरकडे पण जायला लागले, तिनेच हाकललं. आधी डाळ, अंडं, मग भात. विटामिनचं इंजेक्शन. ते सगळं केलं, पण भीती टेपची.

मी दारात दिसले की ती बिस्किटाचा डबा मशीनखाली सरकवायची. वर म्हणायची, "क्या देख रए? उदर कुछ नै है."

आठ महिन्यांनी ते एक बोट परत आत गेलं.

आज अठ्ठ्याहत्तर किलो. हिरॉईन नाही झाले. दंडाची कातडी लोंबते, पोटाची पण. पण तीन मजले जिने चढते, शुगरची गोळी अर्धी झाली. मी मजेत आहे.

आपा मात्र हार्टने दोन दिवसांत गेली.

काल तिच्या मुलीने, नसरीनने, सगळ्यांना मोठ्या प्लेटा दिल्या. मला बशी. बशीत तीन चमचे बिर्याणी आणि मटणाची एक बोटी.

"अम्मी बोलके रखे थे, बाईकू छोटी प्लेटमें देना."

निघताना माझा शेवटचा ब्लाऊज दिला. हुक, बाह्या, सगळं झालेलं. फक्त दोन्ही बाजूंना कच्चा टाका. मला घालून बघितल्याशिवाय आपा बाजू पक्क्या करतच नव्हती.

नसरीन म्हणाली, "मैं मशीन मार देऊं, आंटी?"

"नको. राहू दे."

आज सकाळी घालून बघितला. बरोबर बसला. काढला, उलटा केला आणि हातानेच शिवला. शिवण वाकडी आलीय. आपाने बघितली असती तर डोक्यात कात्री घातली असती.

आत दोन बोटं माया ठेवली आहे. कापणार नाही. उसवणार पण नाही.

आज जुमेरात. टेप माझी मीच लावली.

माप तेवढंच आहे, आपा. बिस्किट खाल्लं नाही.

बरं, अर्धं खाल्लं.

जा आता, निवांत झोप.