रस्त्याचा पडदा

पेंटर गेल्याचं मला उशिरा कळलं. भाचा सांगलीहून आला होता. परत निघताना, चप्पल घालता घालता, आठवण झाल्यासारखं त्यानं सांगितलं. मी दार लावून घेतलं आणि नेहमीसारखा वाचत बसलो. त्यांच्याविषयी काही लिहून ठेवावं असं तेव्हापासून मनात आहे. दिवसाला एखादं पान होतं, कधी तेही होत नाही.

त्यांनी रंगवलेलं आज काही शिल्लक नाही. ते नाटक कंपनीचे पडदे रंगवत. पडदा जुना झाला की धुवायचा आणि त्याच कापडावर पुन्हा रंगवायचा, असा तो धंदाच होता. कंपनीत त्यांना सगळे पेंटर म्हणत. मीही तेच म्हणायचो.

दुसऱ्या महायुद्धाची शेवटची वर्षं होती. मी साताऱ्याला शाळेत शिकवत होतो आणि दिवाळीच्या सुट्टीत सांगलीला बहिणीकडे जात असे. एका वर्षी शाळेच्या संमेलनासाठी दरबाराचा पडदा उसना मिळतो का, हे विचारायला मी कंपनीच्या बिऱ्हाडी गेलो. पडदा मिळाला नाही. पेंटरांची ओळख मात्र झाली. हळदीचा हंगाम लांब होता, म्हणून एक रिकामी वखार कंपनीनं त्यांना रंगवायला घेऊन दिली होती. चुलीवर रंगात मिसळायचा सरस उकळत असायचा आणि त्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा. त्या सुट्टीत मी रोज दुपारी तिथे जाऊन बसू लागलो.

ते तेव्हा रस्त्याचा पडदा करायच्या विचारात होते. ज्यांनी ती नाटकं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. एक प्रवेश संपला आणि मागे महाल उभा करायचा असला की पुढे रस्त्याचा पडदा सोडत. दोन विनोदी पात्रं त्याच्यापुढे येऊन बोलत राहायची आणि मागे खिळे ठोकले जायचे. ठोकाठोक फार ऐकू यायला लागली की पात्रं आवाज चढवायची. हा रस्ता कुठल्याच गावचा नसे. दोन्हीकडे तीनमजली घरं, दिव्यांचे खांब, लांब टोकाला एक मनोरा. पेंटरांनी तो आपल्या उस्तादांकडून घेतला होता आणि उस्तादांनी तो बिस्किटांच्या एका विलायती डब्यावरून उतरवला होता.

"जल्मभर मी डब्यावरचं गाव रंगवतोय, मास्तर," ते एकदा म्हणाले. "कुणाचं हाय, कुठलं हाय, देवाला ठावं. तुमी मुंबई बघितलीया न्हवं?"

"शिकायला दोन वर्षं होतो."

"मग सांगा, शहर म्हंजे काय?"

मी विचार करून सांगितलं, की जिथे माणसं एकमेकांना ओळखत नाहीत आणि ओळखायची गरजही पडत नाही, ते शहर.

"म्हंजे सांगली शहर न्हाई."

"सांगली मोठं गाव आहे."

"ऐकलं का, बाईसाहेब? मास्तरांनी निकाल लावून टाकला."

बाईसाहेब म्हणजे कंपनीत नायिकेचं काम करणारे नट. चाळिशी ओलांडलेले, गळ्याला ऐन उन्हातही मफलर गुंडाळलेला. गड्यापासून मालकांपर्यंत सगळे त्यांना बाईसाहेबच म्हणत, आणि त्यांना त्यात काही वाटत नसे. त्यांचा एक नेम होता. ज्या गावात खेळ असेल तिथे दिवसाउजेडी ते रस्त्यावर दिसत नसत. विडी आणायलासुद्धा दुसऱ्याला पाठवत. सकाळी पानपट्टीवर पाहिलेल्या माणसासाठी संध्याकाळी कोणी डोळे पुसत नाही, असं ते म्हणत. वखारीतसुद्धा ते मागच्या दारानं येत.

"निकाल बरोबर आहे," ते म्हणाले. "पेंटर, तुमच्या मनात काय आहे ते सांगा की मास्तरांना."

पेंटरांच्या मनात सांगलीची पेठ रंगवायची होती. डब्यावरचा रस्ता धुवून टाकायचा आणि त्या जागी आपली पेठ उभी करायची: कौलं, कापडवाल्याच्या पायऱ्या, गुळाच्या ढेपा, माडीचा सज्जा. नाटकातलं गाव मुंबई असेना का. मुंबईचा रस्ता म्हणून ती उभी राहिली पाहिजे.

"आपली गल्ली काय वाईट हाय? एकदा तरी तिला शहर म्हणून उभी राहू दे. डब्यावरच्या गावाला लोक शहर म्हणत्यात, मग हिला का न्हाई म्हणनार?"

"मी माझ्या गावात एकदाच बाई झालो," बाईसाहेब म्हणाले. "शालू नेसून आत आलो, पदर सावरला, पहिला सूर लावणार, तेवढ्यात मागून आवाज आला, 'म्हशी बांधल्यास का रं?' तिथंच माझं सौभाग्य संपलं. तुमच्या पेठेचं तेच होईल."

"माणूस वळकतात, बाईसाहेब. भिंती कशाला वळकतील?"

"लावता पैज?"

"तुमच्याशी? तुमी हरलासा की रडतासा. धंदाच हाय तुमचा."

कंपनीचे मालक तयार नव्हते. कापडावर कंट्रोल होतं, नवा पडदा मिळणं अशक्य होतं. जुना धुतला की जुना गेला. शेवटी ते म्हणाले, "करा. चालला तर ठेवू. नाही चालला तर धुवायचा आणि पुन्हा आपला डबा काढायचा. मग माझ्याकडे तोंड वाकडं करायचं नाही." पेंटर कबूल झाले.

पडदा जमिनीवर अंथरून रंगवतात हे मी तेव्हा पाहिलं. दोरीला कोळसा लावून ते सरळ रेघा उठवत. मग लांब दांड्याचा कुंचला घेऊन अनवाणी त्या पेठेवरून मागेपुढे चालत. कापडवाल्याच्या दुकानावर उभं राहून समोरच्या माडीची खिडकी काढत. वखारीच्या फरशीत वर्षानुवर्षांची हळद बसलेली होती. ती चालण्यानं उडायची आणि ओल्या सफेद्यावर बसायची. भिंती किंचित पिवळ्या झाल्या. मी ते दाखवलं. ते वाकून पाहून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. सांगलीचं ऊन असंच असतंय." माडीच्या सज्ज्याचा कठडा एका बाजूनं मोडलेला होता, तोही त्यांनी तसाच काढला.

खेळाच्या दिवशी थिएटर भरलेलं होतं. पहिला प्रवेश सुरळीत झाला. मग पेठ खाली आली.  विनोदी पात्रांची जोडी आली. एकानं हातातलं गाठोडं खाली ठेवलं, इकडेतिकडे पाहिलं आणि आपलं वाक्य म्हटलं, "केवढं हे शहर! इथे आपल्याला कोण ओळखणार?"

"आमी वळकतो की!" पिटातून कोणीतरी ओरडलं.

त्यानंतर कोणाचंच कोणाला ऐकू येईना.

"आरं, ही आपली पेठ!"

"त्ये बघ भांड्याचं दुकान!"

"आन माझं कुठाय?"

"तुझं पलीकडं, त्या नटाच्या बुडामागं!"

"आवं, जरा सरका की बाजूला, दुकान दिसंना!"

नट खरोखरच सरकला. मागे महाल उभा झाला, शिट्टी वाजली, पडदा वर जाऊ लागला, तशी लोकांनी "वर घेऊ नका!" म्हणून एकच गिल्ला केला. महालात बाईसाहेब विरहाचं पद घेऊन बसले होते. त्यांनी ते म्हटलं. ऐकलं कोणी नाही. लोक एकमेकांना कौलं मोजून सांगत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वखारीत गेलो तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. पेठेतले दुकानदार आले होते. कापडवाले जैन गृहस्थ हात जोडून, फार अदबीनं बोलत होते.

"काढलंय सुरेख, त्यात वाद न्हाई. पण आमच्या दुकानाला पायऱ्या तीन हायत. तुमी दोनच काढल्या. लोकांस्नी वाटंल, एक पायरी गेली कुठं?"

माडीचे मालक चिडलेले होते. "कठडा मी परवाच नीट करून घेतलाय. चारचौघांत मोडका का दाखवलासा?"

भांडेवाल्याचं म्हणणं, शेजारच्या दुकानाची सावली त्याच्या दुकानावर पाडली आहे, ती काढा. तशी ती सकाळी पडते, पण कायमची नको. पेंटर सगळ्यांना "व्हय, व्हय" म्हणत होते. दुकानदार गेल्यावर कंपनीचे मालक म्हणाले, "लोक खूश आहेत, पेंटर. माझं नाटक कोण बघणार?"

"धुतो."

"वाईट वाटून घेऊ नका."

"न्हाई. पण एक इनंती हाय. साताऱ्यापातूर थांबा. तिथं ही पेठ कुणी बघितलेली न्हाई. तिथं बी पडली, तर म्या स्वतः बादली घिऊन बसतो."

मालकांनी मान हलवली. मुक्काम हलवायचा होता आणि धुवून रंगवायला तसाही वेळ नव्हता. बाईसाहेब खांबाला टेकून उभे होते. त्यांचंच म्हणणं खरं ठरलं होतं. जाताना त्यांनी पेंटरांच्या पाठीवर हात ठेवला, एवढं मी पाहिलं.

कंपनीचं सामान रेल्वेनं सातारा रोडला उतरलं आणि तिथून बैलगाड्यांनी साताऱ्यात आलं. मला मालकांनी पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं. पेंटर मागे, भिंतीशी उभे होते. पेठ खाली आली. जोडी आली. "केवढं हे शहर! इथे आपल्याला कोण ओळखणार?" लोक जिथे हसायला हवं तिथे हसले, जेवढं हवं तेवढं हसले. मागची ठोकाठोक कोणाला जाणवली नाही. पडदा वर गेला, महाल आला, आणि बाईसाहेबांच्या पदाला दोनदा वन्समोअर मिळाला. मालक माझ्या कानाशी लागून म्हणाले, "चालला हो!"

मध्यंतरात मी पेंटरांना शोधून काढलं.

"एकानं बी वळकलं न्हाई," ते म्हणाले.

"तेच तर हवं होतं ना तुम्हाला?"

"व्हय. तेच हवं हुतं."

 मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी मी बिऱ्हाडी गेलो तेव्हा त्यांनी पाण्याची बादली भरून ठेवलेली होती. मालक त्यांच्याशी वाद घालत होते. पडदा चालला असताना तो धुवायचा कशासाठी, हे त्यांना कळत नव्हतं. पेंटर एवढंच म्हणत होते, की डब्यावरचं गाव काय वाईट होतं, ते बी कुणाचं न्हवतं, हे बी कुणाचं न्हाई. मालक वैतागून आम्हा दोघांना चहाला घेऊन बाहेर पडले.

हॉटेलात एक शिपाई बसला होता. रजेवर आलेला, रहिमतपूरकडचा, अंगात पलटणीचा जाड कोट. आदल्या दिवशीचा खेळ त्यानं पाहिला होता. मालकांनी पेंटरांची ओळख करून दिली, तसा तो उठून उभाच राहिला.

"ती मुंबईची गल्ली तुमी काढलीसा? लय झ्याक, पावनं! हुबेहूब!"

"मुंबईची?" पेंटर म्हणाले.

"आवं, बंदराकडनं आत शिरलं की डाव्या अंगाला. बोटीत चढायच्या आदी आमी तिथं आठवडाभर काढला न्हवं का. तो मोडका कठडा बघितला आन म्हनलं, हीच ती माडी. वर खानावळ. एक म्हातारा वाढायचा. चपाती मागितली की वसकन अंगावर यायचा, आन न मागता दोन टाकून जायाचा." तो हसला. "आमी चौघं एका पाटावर बसायचो. भिंतीला टेकलं की पाठ पिवळी. असला रंग लावलेला."

मग त्यानं बशीतला चहा संपवला. बाकी तिघांचं काय झालं, हे कोणी विचारलं नाही.

"तुमी अलीकडं गेलता म्हनायचं तिकडं," तो म्हणाला. "त्यो म्हातारा हाय का हो अजून?"

मालक काहीतरी खुलासा करणार होते. पेंटरांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हाय की," पेंटर म्हणाले.

"वाढतोय?"

"वाढतोय. न मागता."

शिपायानं मान डोलावली. पेंटरांच्या चहाचे पैसे त्यानंच दिले, आणि ते नको म्हणाले तरी ऐकलं नाही. मग सलाम करून मोटारस्टँडकडे गेला.

आम्ही बिऱ्हाडी परतलो. पेंटरांनी बादली उचलली, अंगणातल्या जास्वंदीच्या मुळाशी ओतली आणि पालथी घातली.

"ठेवा मग," ते मालकांना म्हणाले.

"ठेवतो म्हणतोच आहे मी सकाळपासून. पण पुढच्या दिवाळीला पुन्हा सांगली आहे. तिथे काय करू?"

"सांगलीत जंगलाचा सोडा."

"मुंबईच्या प्रवेशाला जंगल?"

"सांगलीकरांनी जंगल कुठं बघितलंय," पेंटर म्हणाले, आणि कुंचले धुवायला बसले.

पुढच्या दिवाळीत मी सांगलीत तो खेळ पाहिला. जंगल सोडलं होतं. कोणी हरकत घेतली नाही. कापडवाल्यांनी तेवढी चौकशी केली, की आमच्या पायऱ्यांचं काय झालं. पेंटरांनी सांगितलं, धुतल्या. त्यानंतर ती पेठ कंपनीबरोबर कुठे कुठे गेली, हे मी विचारून ठेवायला हवं होतं. ठेवलं नाही. त्या दिवशी दारातच भाच्याला मी विचारलं होतं, गावात त्यांच्याविषयी काय बोलतात. तो म्हणाला, काही विशेष नाही. एकदा त्यांचा एक पडदा फसला होता, तेवढं जुन्या लोकांना आठवतं.