पट्टी कोणाची

दुसऱ्या दिवशी साकोलीत आमच्या संगीत नाटकाचा पहिला प्रयोग होता, आणि दुपारच्या तालमीत नायिकेचा आवाज वरच्या सुराला फाटत होता. मंडळीचा मालक मी, नायकही मीच, शिवाय घरातला पहिला पदवीधर. पेटीच बिघडली, असं मी ठरवून टाकलं आणि तुमसरहून दुरुस्तीवाला बोलावला.

म्हाताऱ्यानं पेटीला कान टेकून एकेक सूर दाबला. मग डोळे मिटून आमचं दोघांचं गाणं ऐकलं. हत्यारांची पिशवी त्यानं उघडलीच नाही.

"पेटी बराबर हाय, भाऊ. पट्टी कोणाची धरली?"

"माझी. काहून?"

"तुमी मजेत गाऊन राहिले, अन् बाईचा गळा सोलून राहिला. दोन सूर खाली या."

"आयकलं का, मालक?" नायिका म्हणाली.

खाली आलो की माझे खालचे सूर विरून जात. तरी उतरलो.

प्रयोगात त्या गाण्याला वन्समोर मिळाला, तिच्यामुळे. शेवटी आभार मानायला मी माईक हातात घेतला. सगळ्यांची नावं घेतली. म्हाताऱ्यापाशी येऊन अडलो. त्याचं नाव मी विचारलंच नव्हतं.